खिडकीजवळची जागा कोणाची?

सुट्ट्या संपल्या की बल्लारशाच्या टेशनवर एक गंमत दिसते. पुण्याची गाडी निघून गेली की फलाटावर एकेकटी चप्पल पडून राह्यते. कोणाची डाव्या पायाची, कोणाची उजव्या. जोडीदारीण गेली पुण्याले, ही राह्यली इथीच! मी अन् इम्रान त्या उचलून बाकड्याखाली लाईनीत लावून ठेवतो, मालक आला तं घेऊन जाईन म्हणून. आजपर्यंत कोणी आलं नाई. आमचे किस्से बी तशेच. आपण काई करत नाई, नुसतं टेशनवर उभं राहा, एकेक येऊन पायाशी पडते.

मी चेतन. म्हणजे चेतन फक्त आधार कार्डावर, बाकी सगळे चेत्या म्हणते. दहावीत माहे गणित अन् इंग्रजी राह्यले. बाबा पाहुण्यायले सांगते, "हे दोन सोडले तं बाकी दुनियाभराचं सगळं येते याले." इम्रान आमच्या बाजूच्या घरचा, सलीमचाचा टेलरचा पोट्टा. तो पास झाला. पण माह्या संगतीनं त्याचं बी काई खरं नाई, असं त्याची अम्मी म्हणते. माह्या समोरच म्हणते!

आमचं दोघायचं मेन काम म्हणजे जागा धरणं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपत आल्या की अर्धा मोहल्ला पुण्याले पळते. कोणाचा पोरगा तिकडे कंपनीत, कोणाची पोरगी तिकडे दिली. रिझर्वेशन कोणालेच भेटत नाई. मंग उरला जनरल डबा. आता गाडी इथूनच सुटते, म्हणून रिकामी येते. रिकामी म्हणजे फलाटाले लागेपर्यंत रिकामी! त्याच्यानंतर जे होते त्याले आमच्याकडे नाव नाई.

या साली मात्र जागा आमच्याच घरी पाहिजे होती. माही वैशूताई पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली होती. होळीच्या आसपास चिमी झाली. जिजाजी पुण्याले कंपनीत नवीन लागले, त्याहीले सुट्टी नाई. चिमीनं बापाले अन् बापानं चिमीले अजून पाह्यलंच नव्हतं, फक्त विडियो कॉल! आता ताईले परत जाचं होतं. अन् बाबानं सगळ्यायच्या समोर फायनल सांगून टाकलं, "जागा भेटली तरच जाशील. लेकराले घेऊन माही पोरगी पुण्यापर्यंत उभी जाणार नाई. नाई त दिवाळीले पाहू."

दिवाळी! ताई उठून आत गेली अन् धुतलेलेच लंगोट परत धुवाले घेतले.

आई माह्याकडे पाहून म्हणे, "गावाले जागा धरून देतोस न? आता बहिणीले दे!"

*

आता तुम्ही म्हणान, त्याच्यात काय एवढं. तं आधी आमचा पहिला अनुभव ऐका.

डब्यातला कायदा असा हाय, गाडी थांबाच्या आधी खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा टाकाचा. ज्याचा दुपट्टा सीटवर पडला, सीट त्याची. भांडणारे भांडते, पण दुपट्टा पाह्यला की अर्धा आवाज खाली येते. कोणी रुमाल टाकते, कोणी पेपर. एकानं तं पोट्टंच टाकलं होतं खिडकीतून, अन् ते पोट्टं आत जाऊन दुसऱ्याच्या मांडीवर झोपून गेलं!

तं मी पह्यल्यांदा गेलो तेव्हा बाबाचा दुपट्टा घेऊन गेलो. साधासुधा नाई, ताईच्या लग्नात व्याह्यानं दिलेला, जरीच्या काठाचा. दुसरं कोणी आत चढाच्या आधी, पळत्या गाडीसंगं पळलो, नेम धरला, अन् असा काई फेकला, असा काई फेकला की दुपट्टा या खिडकीतून आत गेला अन् समोरच्या खिडकीतून बाहेर निघून गेला!

तिकडच्या रुळावर मालगाडी उभी होती. कोळशाची. दुपट्टा जाऊन बसला कोळशावर. आम्ही पुलावरून चक्कर मारून तिकडे पोहोचलो तेव्हा मालगाडी हालली होती.

घरी आलो. बाबानं इचारलं, "काऊन बे, भेटली जागा?"

म्हणलं, "आपल्याले नाई भेटली. दुपट्ट्याले भेटली. मस्त खुली हवेशीर जागा हाय!"

*

इम्रानची पद्धत वेगळी. तो पळापळ करत नाई. त्याचं डोस्कं चालते.

मागच्या दिवाळीत त्यानं काय केलं, सलीमचाचाचा माप घ्याचा टेप गळ्यात टाकला, कानावर पेन्सिल ठेवली अन् सरळ डब्यात चढला. लोकं आधीच बसले होते, चौघायच्या बाकड्यावर सहा. इम्रान कोणाशी काई बोललाच नाई. बाकड्याले टेप लावला, इकडून तिकडे मोजला, पेन्सिलनं हातावर काईतरी लिवलं, अन् मान हालवली. डॉक्टर हालवते तशी!

एक काका घाबरले. "काय झालं वो?"

इम्रान म्हणे, "काई नाई अंकल. हे बाकडं सात जणायचं निघून राह्यलं."

"सात?"

"टेप खोटा बोलत नाई अंकल. तुमच्याच्यानं माप बिघडून राह्यलं, थोडे आत घ्या."

काकानं श्वास ओढून पोट आत घेतलं. त्याह्यले पाहून बाजूवाल्यानं बी घेतलं. मंग पुरी लाईन! सगळे श्वास रोखून बसलेले, अन् बाकड्याच्या टोकाले खरोखर एका माणसाची जागा निघाली. इम्राननं खिडकीतून मले हाक मारली, "चेत्या, घेऊन ये गिऱ्हाईक!"

तेवढ्यात समोरची बाई म्हणे, "ए बाबू, तू टेलर हायस काय?"

आता खोटं कसं बोलणार? टेप तं टेलरचाच. म्हणे, "हौ, माहे अब्बू हायेत."

"मंग माह्या या तीन नातवायचे शाळेचे युनिफॉर्म शिवून देतोस काय? तिकडे लय उशीर लावते."

हे ऐकलं अन् पुऱ्या बाकड्याचा श्वास सुटला. फूस! जागा गेली. इम्रान खाली उतरला तेव्हा त्याच्या हातावर तिन्ही पोट्ट्यायचे मापं होते. ज्याच्यासाठी जागा धराले गेलो तो माणूस पुण्यापर्यंत उभा गेला. पण सलीमचाचा लय खूश. म्हणे, "बेटा, दर दिवाळीले जात जा!"

*

मोरेश्वरकाका आमचे नागभीडचे. बाबाचे मावसभाऊ. धानाची शेती हाय. त्याहीचा पोरगा पुण्याले राह्यते, तं ते दरवर्षी त्याच्यासाठी घरचा तांदूळ घेऊन जाते. पुण्यात तांदूळ भेटत नाई काय? भेटते! पण हे काकाले सांगून दाखवा.

काका नागभीडहून पॅसिंजरनं आमच्याकडे येते, संगं पोतं. एक वर्षी आम्ही जान लावून त्याह्यले जागा धरून दिली. खिडकीजवळ, हवा लागन अशी. काका चढले, पोतं चढवलं. गाडी सुटाच्या टाईमले मी खिडकीतून पाह्यलं, तं खिडकीजवळ पोतं बसलेलं, अन् काका दांडा धरून उभे!

म्हणलं, "काका, हे काय? पोतं खाली ठेवा न!"

काका म्हणे, "खाली सगळे पाय ठेवते बे. घरचं अन्न हाय ते."

"मंग तुमचं काय?"

"माहं काय? मी तं घरचाच हाव."

*

पण काकाचा खरा किस्सा त्याच्या पुढच्या वर्षीचा.

तेव्हा मी ठरवलं, बस झाले दुपट्टे. काका अन् पोतं, दोघायलेही जागा भेटली पाहिजे. त्याच्यासाठी डबाच खाली करू! काका डब्यात पोत्यासंगं उभे होते. मी दुसऱ्या दारानं चढलो अन् एका माणसाच्या कानात, एकदम हळू सांगतलं, "भाऊ, कोणाले सांगू नका. हा डबा वर्ध्याले कापून ठेवणार हायेत. इंजिन बाकीचे घेऊन जाणार."

आता गर्दीत वरडून सांगा, कोणी लक्ष देत नाई. पण "कोणाले सांगू नका" म्हणा! त्या भाऊनं बायकोले सांगतलं, कोणाले सांगू नको. बायकोनं बहिणीले. बहिणीनं सामान उचललं. सामान उचललेलं पाहून बाजूचे उठले. थोड्या वेळात पुरा डबा धडाधड खाली उतरून राह्यला, अन् सगळे एकमेकायले म्हणून राह्यले, "हळू, हळू, कोणाले सांगू नका!"

मी दारात उभा राहून मज्या पाहून राह्यलो. मनात म्हणलं, चेत्या, मानलं तुले! काकाले आता झोपून जाता येईन, पोत्याले बी वेगळी सीट!

तेवढ्यात मागून कोणीतरी माही कॉलर धरली. पाह्यतो तं मोरेश्वरकाका! घामाघूम, डोक्यावर पोतं. मले ओढत फलाटावर आणलं, इकडे तिकडे पाह्यलं, अन् माह्या कानात हळूच म्हणे, "चेत्या, कोणाले सांगू नको, पण हा डबा कापून राह्यले!"

*

टेशनच्या गेटपाशी मैनीबाई बसते. भामरागडच्याही पल्याडच्या गावची. तिची पोरगी इथी बल्लारपुरात दिली, तं उन्हाळाभर पोरीकडे राह्यते अन् पाऊस लागाच्या आधी परत जाते. एकदा पाऊस लागला की तिच्या गावचा रस्ताच बंद. इथी ती टेंभरं इकते, म्हणजे तेंदूचे पिकले फळं. मराठी तोडकं-मोडकं बोलते, पण शिव्या एकदम साफ!

मैनीबाईची एक गोष्ट आम्ही रोज पाहत जाव. तिले चहा प्याचा असला की ती टोपलीवर एक हिरवी डहाळी ठेवते अन् खुशाल निघून जाते. ना फडकं झाकत, ना कोणाले "लक्ष ठेव जो" म्हणत.

मी एकदा इचारलं, "बाई, कोणी नेलं मंग?"

ती माह्याकडे अशी पाहे, जसं मी इचारलं का सूर्य कोणी नेला तं. म्हणे, "डहाळी ठेवली न."

मंग तिनंच सांगतलं. तिच्या गावाकडे कोणाले जंगलात वाळलेलं लाकूड भेटलं, का कोणी मोहाचं झाड धरलं, तं तिथी डहाळी ठेवून घरी जाते. झालं ते त्याचं. मंग तो उद्या येवो का परवा, कोणी हात लावत नाई.

इम्रान म्हणे, "जंगलात ठीक हाय बाई, हे टेशन हाय. इथी लोकं चालता चालता चप्पल नेते!"

पण आम्हाले राह्यवते थोडी! एक दिवस ती चहाले गेली, तं आम्ही डहाळी उचलली अन् तिच्या जागी इम्राननं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिवून ठेवलं, "हात लावू नये." खाली परत "हुकुमावरून" बी लिवलं, वजन यावं म्हणून.

तेवढ्यात पॅसिंजर आली. लोकं उतरले. पह्यल्या माणसानं पुठ्ठा वाचला अन् म्हणे, "काय हाय बे याच्यात एवढं?" अन् एक टेंभरू उचललं. दुसरा म्हणे, "गोड हाय काय?" अन् त्यानं बी उचललं. एकानं तं पुठ्ठाच उचलून हवा घेतली!

मैनीबाई आली तेव्हा टोपलीचं बूड दिसत होतं. आम्हाले वाटलं, आता मरतो. तिनं पुठ्ठा हातात घेतला, उलटासुलटा करून पाह्यला, तिले वाचता येत नाई. इचारलं, "याच्यावर काय लिवलं हाय?"

इम्रान म्हणे, "हात लावू नये."

"मंग?"

"मंग... लावला."

त्या दिवशी आम्ही दोघायनं तिच्यासंगं पोरीच्या घरी जाऊन दुसरी टोपली डोक्यावर वाहून आणली. पुऱ्या रस्त्यानं ती एकच गोष्ट म्हणत होती अन् हासत होती, "शाळेत जाते म्हणे! शाळेत!"

*

आता ताईचं.

रिझर्वेशन वेटिंगमध्ये होतं. बाबा रोज सकाळी उठून इचारे, "सरकलं काय पुढे?" मी मोबाईलवर पाहून सांगे, सरकलं. आई देवापाशी दिवा लावे. एक दिवस बरंच सरकलं तं आईनं शिराच केला! शेवटी चार्ट लागला अन् वेटिंग ते वेटिंगच राह्यलं. आई म्हणे, "शिऱ्यात तूप कमी पडलं वाटते."

रातच्याले जिजाजीचा विडियो कॉल येत जाय. ते मोबाईल एवढा जवळ धरे का आम्हाले निस्तं नाकच दिसे. पण चिमी खूश! मोबाईल दिसला का हात-पाय मारे, खिदळे. जिजाजी तिकडून "चिमी, मी कोण? मी कोण?" करे.

मी म्हणलं, "जिजाजी, तिले वाटते का बाप चौकोनी असते!"

सगळे हासले. जिजाजी बी हासले. मंग हासता हासता त्याहीनं मोबाईल जरासा बाजूले केला अन् काई वेळ निस्ता पंखा दिसत राह्यला.

ताईनं मले मागच्या अंगणात बोलावलं. म्हणे, "चेत्या, मस्करी नको करू. जागा धरून देतोस न?"

माही ताई मले कधी असं इचारत नाई. ती मले हुकूमच सोडते. म्हणलं, "ताई, खिडकीजवळची देतो!"

बोलून तं गेलो.

*

जाचा दिवस. ऊन मी म्हणून राह्यलं होतं. फलाटावर एवढे लोकं का कुत्र्याले बी बसाले जागा नाई, ते पुलाच्या पायरीवर जाऊन उभं राह्यलं. बाबा घरून निघतानाच परत म्हणाले होते, "जागा भेटली तरच." म्हणून आम्ही प्लॅन केला. मी दारातून घुसणार, इम्रान खिडकीतून दुपट्टा टाकणार, अन् ताई, आई-बाबा चिमीले घेऊन पुलाच्या खाली सावलीत थांबणार. चिमीची थैली माह्यापाशी, म्हणजे ताईचे हात मोकळे.

गाडी आली. अन् आली ती बाजूच्या फलाटावर!

तो जो कालवा उठला! पुरा फलाट पुलावर चढला. मी अन् इम्रान आधीच पळालो, कसे पोहोचलो ते आमचं आम्हाले माहीत. इम्राननं खिडकीतून दुपट्टा टाकला. बराबर सीटवर पडला! आतल्या एका बाईनं तो उचलला, झटकला, चांगली घडी केली अन् खिडकीतून परत देल्ला, "पडला वाटते तुमचा, बाबू!"

तवापर्यंत मी दारातून आत घुसलो होतो. कोणाच्या खालून, कोणाच्या वरून, बसलो जाऊन खिडकीजवळ! बिनगजाची इमर्जन्सी खिडकी, हवा, सगळं! मी आतून वरडलो, "इम्रान, भेटली! आण ताईले!"

इम्रान पळाला. थोड्या वेळानं खिडकीपाशी परत आला, तोंड उतरलेलं. "चेत्या, ताई पुलावर अडकली! मधात! गर्दीत चिमी रडून राह्यली, बाबाले रस्ता नाई भेटून राह्यला, ते म्हणते, चला वापस घरी!"

म्हणजे संपलं! मी इथी बसलो तं ताई येत नाई, अन् मी उठलो तं जागा राह्यत नाई. दुपट्टा तं वापस आलेला, अन् तो बी इम्राननं पुलावरच्या गर्दीत हरवलेला! इम्रान आत येऊ शकत नव्हता, दारात माणसं द्राक्षावानी लटकलेली, अन् खिडकी त्याले चढाले उंच. थैली ठेवू म्हणलं, तं तिच्यात चिमीची दुधाची बाटली, औषध, सगळं. थैलीत हात घातला. अगदी वरच, आईनं नजर लागू नये म्हणून कडुलिंबाची डहाळी ठेवली होती.

मी ती काढली अन् सीटवर ठेवली. काऊन ठेवली, मले इचारू नका. दुसरं होतंच काय?

अन् खिडकीतूनच बाहेर उडी टाकली.

पुलावर आम्ही दोघं वरडत चढलो, "बाळ हाय, बाळ! सरका, बाळ हाय!" एका दाढीवाल्या चाचानं बाजूच्यायले मागे ढकललं, एका पोलिसदादानं शिट्टी मारली, अन् त्या गर्दीतून एवढी बारीक वाट निघाली. मी बाबाचा हात धरला. बाबा म्हणे, "चेत्या, राहू दे. जागा हाय काय तरी?"

मी म्हणलं, "हाय!"

जिंदगीत एवढं मोठं खोटं मी कधी बोललो नव्हतो, अन् मी लय बोललो हाव.

दारापाशी पोहोचलो तं आत जाले जागाच नाई. एक बाई आतून म्हणे, "लेकरू द्या इकडे!" ताईनं आधी छातीशी धरलं, मंग देल्लं. चिमी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात, लोकायच्या डोक्यावरून निघाली आत. रडणं बंद! तिले वाटलं आपली मिरवणूक हाय. तिच्या मागं मागं ताई, ताईच्या मागं मी.

मी मनात तयारी करून राह्यलो होतो. सीटवर कोण बसला असन, कसं भांडाचं, पाया पडाचं का रडाचं.

पोहोचलो.

पुऱ्या डब्यात मुंगीले जागा नव्हती. वर सामानाच्या फळीवर माणसं, खाली पायात माणसं, दोन बाकड्यायच्या मधात माणसं. अन् खिडकीजवळची एक सीट खाली! तिच्यावर कडुलिंबाची डहाळी. जशी ठेवली तशी.

सीटले लागून एक म्हातारे बुवा उभे होते, खांद्यावर कांबळं. त्यायच्या मागं बायका-माणसं, एटापल्ली-भामरागडकडचे, पुण्याले बिल्डिंगच्या कामावर चालले होते. मी म्हणलं, "आजोबा, तुम्ही बसले नाई काऊन?"

आजोबानं माह्याकडे पाह्यलं. तसंच, मैनीबाई पाहे तसंच!

"डहाळी ठेवली हाय न कोणाची."

त्यायच्या बाजूले चंद्रपूरचा एक इनशर्टवाला भाऊ बी उभा होता, पाठीवर लॅपटॉपची बॅग. म्हणलं, "भाऊ, तुम्ही बी?"

तो म्हणे, "अबे, एवढे सगळे उभे हायेत, तं मी एकटा कसा बसू?"

ताई बसली. चिमी मांडीवर आली. ताईनं सरकून आजोबाले बी टेकाले जागा देल्ली. मी खिडकीतून बाहेर पाह्यलं, बाबा फलाटावर उभे, इकडे तिकडे शोधून राह्यले. ताईनं खिडकीतून हात काढला. बाबानं तो धरला, गाडी हालली तरी धरूनच होते, अन् संगं संगं चालता चालता मलेच इचारते, "खिडकीजवळची?"

म्हणलं, "बाबा, मले उतरू तं द्या!"

*

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. पुण्याच्या टेशनवर जिजाजी आधीच येऊन उभे होते. चिमीनं त्याह्यले पाह्यलं अन् असं भोकाड पसरलं का पुरा फलाट पाहे! जिजाजी बिचारे "मी कोण? मी कोण?" करे तं ती अजून जोरानं. शेवटी ताईनं आपला मोबाईल काढला, जिजाजीले समोरच उभं करून विडियो कॉल लावला. मोबाईलात नाक दिसलं, चिमी हासली. मंग ताईनं हळूच मोबाईल खाली केला. मागं तेच नाक! चिमीनं हात लांबवून ते धरलं अन् घरी जाईपर्यंत सोडलं नाई.

आई फोनवर रडे अन् हासे. मंग तिनं इचारलं, "नजरेची डहाळी ठेवली न वं थैलीत परत?"

ताई म्हणे, "माय वो! ते तं सीटवरच राह्यली. मी वाटेत कुठी उठली का ठेवत जाव, कोणी बसत नव्हतं. उतरताना उचलाची भुललीच."

पुढच्या हप्त्यात तीच गाडी पुण्याहून परत आली. आम्ही टेशनवरच होतो, मोरेश्वरकाका अन् त्याहीचं पोतं घेऊन. गाडी खचाखच भरून आली होती, सुट्टीचे उरलेसुरले लोकं. एक माणूस कंबर धरून खाली उतरला. बाकड्यावर टेकला अन् म्हणे, "अरे बापरे! पुण्याहून उभा आलो!"

इम्रान सहज खिडकीतून आत पाहून राह्यला होता. त्यानं माही बाही ओढली. मी पाह्यलं.

म्हणलं, "भाऊ, ते खिडकीजवळची सीट तं खाली दिसून राह्यली!"

तो माणूस म्हणे, "खाली कुठी? कोणाची तरी हाय ते."

मी डब्यात चढलो. लोकं अजून उतरूनच राह्यले होते. सीटपाशी गेलो. पानं सुकून कुरकुरीत झाले होते, काई खाली गळले होते, पण काडी होती तशीच होती. म्हणलं, आपलीच हाय, उचलून घ्यावं. हात पुढे केला.

मागून गॉगल लावलेली एक बाई वरडली, "ए पोरा! दुसऱ्याच्या जागेला हात लावतोस? लाज नाही वाटत?"